अतितप्त कुटुंबातील विभक्ती व पुनर्मीलन

रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. स्थळ : कसबा बावडा, आमच्या कॉलनीचं सभागृह, तिसरी रांग, खिडकीकडची खुर्ची. गुन्हा याच वेळी आणि याच ठिकाणी घडला आणि तो तुम्ही केलात, हे सगळ्यांत आधी लिहून ठेवते. माझं बोलणं भरकटतं असं तुम्ही पूर्वी म्हणायचात, तेव्हा मुद्दा पहिल्याच ओळीत असलेला बरा.

हातकणंगले मुक्कामी माझ्या थोरल्या जाऊबाई श्रीमती बयाबाई इंगवले यांना धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरचंच समजावं. डॉक्टरांनी मला वाकायला मनाई केली आहे.) तब्येत कशी आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर नको, मी डोळ्यांनी पाहिली. डावा गुडघा बरा दिसला, उजवा तुम्ही लपवता आहात. केसांना रंग लावणं सोडलंत, ते शोभतं. मला अजून तेवढी हिंमत होत नाही. तुमचा राजवीर परदेशातून वेळेवर फोन करत असेल आणि शेतावरचं सगळं ठीक असेल, असं धरून चालते. माझं म्हणाल तर रक्तदाब सोडून सर्व उत्तम, आणि रक्तदाबाला कारण कोण, ते पुढे येईलच.

आपण दोघी गेली कित्येक वर्षं एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही, हे शाहूपुरीपासून हातकणंगल्यापर्यंत सर्वांना माहीत आहे, आणि मी त्याची तक्रारही केलेली नाही. पण रविवारी तुम्ही माझ्या कार्यक्रमाला आलात. तिसऱ्या रांगेत बसलात. सबंध व्याख्यान जागचं न हलता ऐकलंत. शेवटी भर सभेत उभ्या राहून प्रश्न विचारलात, आणि उत्तर मिळाल्यावर पदर सावरून, चहा न घेता, माझ्याकडे ढुंकूनही न बघता दाराबाहेर पडलात. मी हातात माईक घेऊन तशीच उभी. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला ऐंशी माणसांसमोर असं उभं ठेवतात का? बोलायचं नव्हतं तर यायचं नव्हतं. आलात तर बोलायचं होतं. नुसतं येऊन बसायचं आणि निघून जायचं, याला आमच्या टेलिफोन खात्यात ब्लँक कॉल म्हणत, आणि मी ट्रंक ऑपरेटर असताना अशा कॉल करणाऱ्यांना चांगलीच सुनावत असे.

आता ते व्याख्यान कसलं होतं, हे तुम्हाला समजलं की नाही, याची मला शंका आहे (मला स्वतःला घरी येऊन अंघोळीचं पाणी तापवताना समजलं), म्हणून मुळापासून सांगते. संक्रांत झाली की आमच्या कॉलनीत हळदीकुंकवांची झुंबड उडते. तुमच्या-माझ्यासारख्यांना त्यात कुणी बोलावत नाही. बोलावत नाहीत ते नाहीत, वर जिन्यात भेटल्या की चेहरा पाडून ‘काकू, वाईट वाटून घेऊ नका’ म्हणतात. मला वाईट वाटत नाही, राग येतो. म्हणून या वर्षी मी जाहीर केलं की ज्यांना कुणी बोलावत नाही त्या सगळ्यांसाठी आपण व्याख्यान ठेवू, आणि ते आरोग्य किंवा अध्यात्म यांवर नसेल. आमच्या वरच्या मजल्यावर आण्णासो राहतात, कॉलनीचे सेक्रेटरी. त्यांची मुलगी सुष्मिता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत असते आणि सणाला घरी आली होती. ताऱ्यांच्या आसपास आणि दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत जे भयंकर तापलेले वायू असतात, त्यांतले अणू कसे फुटतात आणि पुन्हा कसे जुळतात, याचा ती अभ्यास करते. (आण्णासोंना हे नुकतंच कळलं. इतकी वर्षं ते तिला फोन करून पाऊस कधी पडेल ते विचारत होते, आणि ती बिचारी बातम्या बघून सांगत होती.)

खरी कटकट झाली ती व्याख्यानाच्या नावावरून. अणूतून इलेक्ट्रॉन निघून जातो त्याला मराठीत ‘आयनीभवन’ म्हणतात, असं सुष्मितानं सांगितलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण मराठी पाटीवर इंग्रजी शब्द मी सहन करत नाही, म्हणून तोच शब्द फळ्यावर लिहिला. संध्याकाळपर्यंत चार जणींनी विचारलं, ‘आयनी भवन कुठं आलं? कुणाचं कार्यालय हाय? जेवण हाय का?’ एकीनं तर लग्नाला तारीख मिळेल का, तेही विचारून ठेवलं. मग मी तो शब्द पुसला आणि सर्वांना कळेल असं शुद्ध नाव तयार केलं : ‘अतितप्त वायूतील विभक्ती व पुनर्मीलन’. मला ते फार आवडलं. शाहूपुरीत कृष्णातचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्याला फोनवर अक्षर न् अक्षर सांगितलं आणि दोन फ्लेक्स करायला लावले.

कृष्णातनं फ्लेक्स आणून लावले तेव्हा मी दुपारची झोपले होते. उठून बघते तर आमच्या फाटकावर दहा फुटी मी. माझा फोटो त्यानं मला न विचारता कुठूनसा मिळवला होता आणि मी त्यात हात जोडून निवडणुकीला उभी असल्यासारखी हसत होते. कोपऱ्यात सूर्य होता, तो बुंदीच्या लाडवासारखा दिसत होता. आणि मधोमध, केशरी अक्षरांत : ‘अतितप्त कुटुंबातील विभक्ती व पुनर्मीलन. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. निमंत्रक : श्रीमती वर्षाराणी इंगवले.’ मी त्याला फोन लावला आणि मला येत असलेल्या तिन्ही भाषांत विचारलं की माझा वायू कुठे गेला. तो म्हणाला, ‘म्याडम, म्हाताऱ्या माणसांचा कार्यक्रम आन् त्यावर वायू-बियू लिवलेलं बरं दिसतंय व्हय? लोक हसतील की. म्हणून कुटुंब टाकलं. अर्थ त्योच.’ दुसरा फ्लेक्स त्यानं नमुना म्हणून शाहूपुरीत स्वतःच्या दुकानासमोर टांगला होता. चौकातल्या हाडांच्या दवाखान्यातून बाहेर पडलं की पहिली नजर तिथंच जाते. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. कोण बघणार आहे, म्हटलं.

सगळ्यांनी बघितलं. मी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. ऐंशी माणसं आली, आणि त्यांतल्या निम्म्यांना ताऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपापली भांडणं घेऊन आली होती. एक सासू-सून जोडी आली, ती खोलीच्या दोन टोकांना बसली. साखर कारखान्याकडचे हंबीरराव, ज्यांच्या दोन मुलांनी गेल्या दिवाळीत एकाच अंगणात दोन चुली मांडल्या, ते दोघांनाही पुढे घालून आले आणि त्यांच्या मधे बसले, म्हणजे कुणी उठून जायला नको. सुष्मिता दारातून हे बघत होती आणि लॅपटॉप पुन्हा पिशवीत घालत होती. मला वाटलं, आता स्पष्ट बोललं नाही तर मुलीची फजिती होईल. म्हणून मी माईक घेतला आणि खणखणीत आवाजात तीनदा सांगितलं की फ्लेक्समध्ये चूक झाली आहे, विषय वायूचा आहे, ‘इथे आज कुणाचंही कुणाशीही पुनर्मीलन होणार नाही, ज्यांचा तसा गैरसमज झाला असेल त्यांनी खुशाल घरी जावं.’ कुणीही उठलं नाही. आणि तेवढ्यात माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली, तर खिडकीच्या उजेडात तुम्ही. हिरवं इरकल. मांडीवर पिशवी. माझा चौथा खुलासा तसाच राहिला. मला वाटलं, ही माझं हसं बघायला आली.

आता व्याख्यानाबद्दल. जाऊबाई, मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. शाळेत सिस्टर आम्हाला प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून घ्यायला लावत, आणि देव मोठा आहे हे मी डोळे मिटूनच मानत आले. या पोरीनं डोळे उघडे ठेवायला लावले. तिनं साधी सुरुवात केली. म्हणाली, अणू म्हणजे मधे गाभा आणि भोवती इलेक्ट्रॉन, घरातल्या माणसांसारखे. ऊब असते तोवर सगळं ठीक चालतं. पण सूर्याभोवती जो प्रभामंडल असतो, खग्रास ग्रहणात दिसतो तो, तिथं दहा-वीस लाख अंश उष्णता असते. तिथं सुटे इलेक्ट्रॉन इतक्या जोरात धडकतात की घरातली माणसं एकेक करून बाहेर फेकली जातात. लोखंडात सव्वीस असतात, त्यांतले तेरा निघून जातात. ते उरलेलं लोखंड हिरवा प्रकाश देतं. दीडशे वर्षांपूर्वी तो हिरवा प्रकाश ग्रहणात पहिल्यांदा दिसला तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं, हे पृथ्वीवर नसलेलंच काहीतरी नवं मूलद्रव्य आहे. त्याला त्यांनी नावही ठेवलं. सत्तर वर्षं लोक त्या नावानं हाक मारत होते, आणि ते निघालं आपल्या तव्याचं लोखंड! अर्धी माणसं सोडून गेलेलं, म्हणून ओळखू न आलेलं.

हे ऐकून हंबीरराव उभे राहिले. ‘पोरी, एक इचारतो. तेरा गेलं तरी लोखंड त्ये लोखंडच ऱ्हायलं न्हवं?’ सुष्मिता म्हणाली, ‘हो आजोबा. सगळेच्या सगळे सव्वीस गेले तरी लोखंडच. ते गाभ्यावरून ठरतं, किती जण जवळ आहेत त्यावरून नाही.’ हंबीरराव म्हणाले, ‘मग झालं तर,’ आणि खाली बसून त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. त्यांच्या एका मुलानं सतरंजीकडे बघायला सुरुवात केली. दुसऱ्यानं आधीपासूनच सुरू केली होती. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. मी रोज सकाळी बाल्कनीतून चहा घेताना त्या सूर्याकडे बघते. सध्या गळीत हंगाम चालू आहे, कारखान्याच्या चिमणीतून वाफ निघते आणि तिच्यामागून तो वर येतो. कपडे वाळतील की नाही, एवढाच मी आजवर त्याचा उपयोग केला. त्याच्याभोवती उघडं-वाघडं लोखंड ढगासारखं तरंगतं आहे, हे मला अडुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती म्हणाली की जाणं ही अर्धीच गोष्ट आहे. तिथं सतत कुणीतरी बाहेर पडत असतं आणि सतत कुणीतरी परत येत असतं. जितके जातात तितकेच येतात, त्यामुळे दुरून बघणाऱ्याला वाटतं सगळं निवांत आहे, काहीच घडत नाही. तिची मंडळी याला समतोल म्हणतात. (मी समतोल म्हणजे शांतता समजत होते. ती शांतता नव्हेच. ती एसटी स्टँडवरची गर्दी आहे. माणसं तीच नसतात, गर्दी मात्र तेवढीच राहते.) आणि प्रत्येक वेळी एक इलेक्ट्रॉन परत आला की थोडा प्रकाश बाहेर पडतो. तिच्या दुर्बिणी आकाशात राहून तो प्रकाश टिपतात. म्हणजे आपण इथं बसून, हजारो प्रकाशवर्षांच्या अंतरावर कोण कुणाकडे परत आलं, ते बघू शकतो. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. ज्या सभागृहात पाणीकपातीवर चपला फेकल्या जातात त्या सभागृहात.

अर्थात आपली माणसं फार वेळ गप्प बसणारी नव्हेत. परत येण्याचा एक दुसराही प्रकार असतो, असं ती सांगू लागली. बाहेरचा आत शिरतो तेव्हा त्याच्या धक्क्यानं घरातलाच एक जण उठून वरच्या पायरीवर जाऊन बसतो. क्षणभर दोघंही अस्वस्थ. मग तो वर बसलेला जर शांत होऊन, प्रकाश देऊन खाली उतरला, तर आलेला टिकतो. पण तो जर तिथूनच तडकला, तर आलेल्याला तसाच बाहेर ढकलून देतो. ‘ही सासू!’ मागून एक आवाज आला. ‘न्हाय, नणंद!’ दुसऱ्या कोपऱ्यातून. ‘आवं दीर असतोय त्यो, माझ्या घरात या बघाया!’ असा एकच गलका झाला, आणि सुष्मितानं शांतपणे सांगितलं की अतितप्त ठिकाणी बरेचसे इलेक्ट्रॉन याच वाटेनं परत येतात. यावर सगळ्यांनी अशा माना डोलावल्या की जणू त्यांनी हे स्वतः प्रयोग करून पाहिलं आहे. मी हसले. मग लक्षात आलं की तुम्हीही हसता आहात, आणि मी हसू आवरलं.

विभक्तीचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट लिहिते. जुनं उकरून काढण्यासाठी मुळीच नव्हे, फक्त वस्तुस्थिती म्हणून. तो पांढरा रस्सा होता. शाहूपुरीच्या आपल्या एकत्र घरात तुमची व्याहीमंडळी जेवायला बसली होती, मी सकाळपासून मटणाचं बिनतिखटाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस असं सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं, आणि तुम्ही पंगतीत मोठ्यानं म्हणालात, ‘मडमेनं सूप केलंय, चमचं आणा!’ पंगत हसली. दुसऱ्या दिवशी मी माझी शेगडी वेगळी केली. पुढे घर विकलं गेलं, तुम्ही शेतावर गेलात, मी इथं आले. आमचे हे गेले तेव्हा तुम्ही येऊन, बसून, न बोलता गेलात. थोरले गेले तेव्हा मीही तसंच केलं, बरोबरी व्हावी म्हणून. बस, एवढंच. सूप नव्हतं ते.

हे सगळं रविवारी मला आठवण्याचं कारण असं की शेवटी सुष्मितानं एक चित्र दाखवलं. एक तारा फार पूर्वी फुटला, त्याचे अवशेष. लाल-निळ्या चिंध्यांसारखे, मोठे सुंदर. ती म्हणाली, ‘हा वायू एके काळी भयंकर तापला होता. मग तो एकदम पसरला आणि निवला. हिशेबानं बघितलं तर आता इतके इलेक्ट्रॉन बाहेर राहायला नकोत, ते घरी जायला हवे होते. पण इथले अणू अजून तसेच फुटलेले आहेत, जणू काही अजून आग पेटलेलीच आहे.’ जाऊबाई, मी तिथं भिंतीला टेकून माझा राग चाचपून पाहिला. जसा आपण अंधारात चष्मा चाचपतो तसा. जिथं नेहमी ठेवलेला असतो तिथं तो नव्हता. ‘सूप’ हा शब्द मी मनात तीन-चार वेळा म्हणून बघितला, काही झालं नाही. कधी गेला, कुठे गेला, मला माहीत नाही. मी त्याच्या नावानं इतकी वर्षं वेगळी राहते आहे आणि तो घरात नाहीच. मला इतका धक्का बसला की मी जवळच्या बाईचा खांदा धरला.

आणि तेव्हाच तुम्ही उठलात. खुर्चीचा दांडा धरून, उजवा पाय आधी सरळ करून (म्हणून म्हटलं, लपवता आहात). माईकची तुम्हाला कधीच गरज पडलेली नाही. ‘पोरी, ताप तर गेला म्हणतीस. मग आता कोण आडवतंय त्यास्नी?’

सुष्मिता म्हणाली, ‘कुणीच नाही, आजी. ओढ तर आहेच. त्यांचे भार एकमेकांच्या उलट आहेत, ते एकमेकांना ओढतच असतात, एक क्षणही थांबत नाहीत. फक्त भेट होत नाही. जागा फार मोठी झालीय आणि त्यात हे थोडेसेच. एकमेकांच्या वाटेत येईपर्यंत हजारो वर्षं जातात.’

‘म्हंजी जवळ असायला पायजेत,’ तुम्ही म्हणालात.

‘हो. दाटी असेल तर लवकर जमतं. दाटी नसेल तर नुसतं निवून उपयोग नाही.’

‘व्हय,’ असं म्हणून तुम्ही पदर सावरला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, कारण मी घड्याळाकडे बघितलं. तुमच्याकडे बघायचं नाही म्हणून कुठंतरी बघणं भाग होतं. परत बघितलं तर खुर्ची रिकामी.

टाळ्या पडल्या, चहा झाला, हंबीररावांचे दोन्ही मुलगे एकाच मोटरसायकलवरून गेले (मधे हंबीरराव, त्यामुळे पोलिसांनी अडवलं असल्यास मला माहीत नाही). मी मात्र तेव्हापासून दोन गोष्टींनी पछाडलेली आहे. एक म्हणजे ते अफाट आकाश. इतकी जागा, आणि त्यात एवढंसं काहीतरी कुणालातरी हजारो वर्षं शोधतं आहे, थकत नाही, विसरत नाही, आणि सापडल्यावर काय करतं, तर उजेड पाडतं. मी आज सकाळी चहा निवला तरी बाल्कनीत उभीच होते. दुसरी म्हणजे तुमचं वागणं. पहिल्या गोष्टीपुढे माझे हात आपोआप जोडले जातात. दुसरीचा मी जाहीर निषेध करते, आणि याबाबत तुमच्याकडून खुलासा मागते.

सर्व लहानथोरांना यथायोग्य सांगावं. (तुमच्याकडे आता लहानही नाहीत आणि थोरही नाहीत, म्हशी आहेत. त्यांना सांगावं.)

आपली धाकटी जाऊ,
वर्षाराणी
कसबा बावडा, सोमवार, १९ जानेवारी

ता. क. : पत्र पाकिटात घालत असताना आण्णासो आले. ते रविवारी दारावर उभे होते. ते म्हणतात की तुम्ही चहा न घेता गेलात त्याचं कारण मिरजेकडची पॅसेंजर. रिक्षा बाहेर थांबवून ठेवली होती आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. असं असेल तर वरचा सर्व निषेध मागे घेते. पण चार पानं चांगल्या शाईत लिहून झाली आहेत, ती फाडणार नाही. तुम्ही वाचून सोडून द्यावीत.

पुन्हा ता. क. : आण्णासोंनी आणखी एक सांगितलं. आत येताना त्यांनी तुम्हाला विचारलं, की आपण कोण, कुणाकडच्या. तर तुम्ही फाटकावरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणालात, ‘ही माझी जाऊ. पुनर्मीलन हाय म्हणून शाहूपुरीत दवाखान्यासमोर फोटू लावून बोलावलंय मला. न येऊन चालंल व्हय?’ आणि त्यानंतर आत येऊन तुम्ही माझे ते तीन खुलासे ऐकलेत. तीनही. आणि उठून गेला नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये पत्रलेखनाला मला नेहमी पहिला नंबर मिळे, पण यावर काय लिहायचं ते त्यांनी शिकवलं नव्हतं. कृष्णातला मी फोन करून सांगितलं, की फ्लेक्समध्ये चूक नव्हती.

शेवटचा ता. क., आणि कामाची गोष्ट : आमच्या मजल्यावरचं समोरचं बिऱ्हाड पुढच्या महिन्यात सोडून चाललं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेची बाल्कनी, लिफ्ट चालू असते. दाराला दार आहे. मधे फक्त चपला काढायची जागा. एकत्र राहा असं मी म्हणत नाही, ते मला झेपणार नाही आणि तुम्हालाही. चूल तुमची वेगळी, कुलूप तुमचं वेगळं, रोज उठून काय ते भांडूही. पण दाटी होईल. शेत वाट्यानं द्या, म्हशींचं काय करायचं ते मला माहीत नाही, तुम्ही बघा. घरमालकाला मी रथसप्तमीपर्यंत थोपवून धरलं आहे. तुमचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते लेखी चालणार नाही. त्यासाठी स्वतः इथं येऊन माझ्या तोंडावर सांगावं लागेल. ‘हो’ असेल तर मात्र ते लेखीच हवं, सहीनिशी, रथसप्तमीलाच, म्हणजे रविवार दिनांक २५ जानेवारी, सायंकाळी सहाच्या आत माझ्या हातात.